चंद्रावरच्या फौजेचे डोळे

वाचनालयाच्या काचेच्या कपाटात झुरळं मी सोडली नाहीत. एवढं मात्र खरं, की ती आत शिरताना मी पाहिली आणि तीन पावसाळे तोंड उघडलं नाही. गावात सगळे मला तापट म्हणतात. तापट माणूस दोन दिवस आरडाओरडा करतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे चहा पितो. मी तीन वर्षं गप्प बसलो. त्यावरून माझा राग काय जातीचा होता ते समजावं.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. माझे वडील मिरच्या वाळत घालायच्या पथारीवर पोती वाहायचे. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि भिंतींना चुना मारायला लागलो. चुन्यावरून दुकानांच्या पाट्यांवर आलो, आणि पाट्यांवरून ट्रकांवर. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक थांबायचे, तिथे मी फाळक्यांवर वाघ, गरुड आणि कमळं काढायचो. घासाघीस मी तिथेच शिकलो. ज्याला निघायची घाई आहे तो हरतो, हा माझा एकच नियम. ट्रकवाल्याला नेहमीच घाई असायची. मला कधीच नसायची.

पण खरं रंगकाम मला शिकवलं ते रनाळ्याच्या एका कुंभारीण काकूने. भाद्रपदाच्या सुमाराला तिच्याकडे गुलाबाईच्या मूर्तींची रांग लागायची. पोरींना महिनाभर गुलाबाई मांडायची असते, त्यामुळे शंभर घरांना शंभर मूर्ती लागायच्या. मी कपडे आणि दागिने रंगवायचो. डोळ्यांना ती मला हात लावू देत नसे. डोळे शेवटी, म्हणायची, आणि एका श्वासात. तुझ्या डाव्या हाताला जो डोळा येतो तो आधी काढ, मग दुसरा. उलटं केलंस तर तुझा हात ओल्या डोळ्यावरून जाईल. कुंचला तिने स्वतः बांधलेला होता, कबुतराच्या पिसाच्या नळीत खारीच्या शेपटीचे केस. तिसऱ्या वर्षी तिने तो माझ्या हातात दिला. मला मिळालेली ती एकच पदवी.

माझा एक शिंपी मित्र होता. कापडवाल्या शेठच्या दुकानाच्या ओट्यावर त्याचं मशीन असायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही त्याच्या कापायच्या टेबलावर लढाई मांडायचो. बाहुले माझे. मातीत कापूस मळून केलेले, अंगठ्याएवढे, काकूच्या भट्टीत भाजून आणलेले. आधी रामाची वानरसेना आणि रावणाचे राक्षस होते. टेबलाखालच्या चिंध्यांचे डोंगर करायचो. शिपायाने एका खेपेला चार इंच चालायचं, ते शिंप्याच्या टेपने मोजायचं. गाठ पडली की पाच कवड्या टाकायच्या. ज्याच्या जास्त कवड्या उताण्या, त्याचा शिपाई उभा आणि दुसऱ्याचा आडवा. दोन मोठे बाप्ये टेबलावर वाकून टेपने राक्षस मोजतात, हे पाहून लोक हसायचे. हसू देत.

मग रशियाने कृत्रिम चंद्र सोडल्याची बातमी आली. वाचनालयात वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्याभोवती गर्दी व्हायची. मी ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी रावणाचे राक्षस गुंडाळून ठेवले. आता लढाई चंद्रावर. इकडून आपले शिपाई, अंगात हवेचे डगले, डोक्यावर काचेचे टोप. तिकडून चंद्रावरचे राक्षस, राखेच्या रंगाचे, तीन डोळ्यांचे. चंद्रावर अंग हलकं होतं असं पेपरात आलं होतं, म्हणून राक्षसाला सहा इंचांची उडी ठरवली. शिंपी यावर बरेच दिवस भांडला आणि तरी जिंकायला लागला.

"तीन-तीन डोळा दिधात तू त्याले," माझा राक्षस आडवा करताना तो म्हणायचा, "तरी मन्हा शिपाई त्याले दिसना नही."

एका वर्षात फौज दीडशेच्या वर गेली. रंग मी धावड्याच्या डिंकात घोटायचो. तोरणमाळकडून डिंक घेऊन येणाऱ्या माणसाशी मी अर्धा तास घासाघीस करायचो आणि मग सगळ्यात स्वच्छ खडे निवडून घ्यायचो. शिपायांच्या तोंडावर चंद्रुसाच्या रोगणाचा एक जाड थेंब सोडला की तो वाळून काचेसारखा दिसायचा, आत डोळे आणि वर काच. राक्षसांच्या तोंडाला मात्र मी रोगण लावलं नाही. चकाकी आली की ते घामेजल्यासारखे दिसत. पातळ करून एक हात नंतर द्यावा, असं मनात होतं. ते नंतर आलंच नाही, आणि पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

पुढच्या गणपतीच्या आधी शेठने ती फौज टेबलावर पाहिली. शेठ गणपती मंडळाचे प्रमुख आणि वाचनालयाचे अध्यक्षही. त्यांनी बाहुले आरासेसाठी मागितले. मी म्हणालो, देतो, पैसा नको, पण पाटीवर माझं नाव पाहिजे. वडिलांच्या नावासकट. शेठ म्हणाले, अरे, तुझं नाही तर कोणाचं. मी शब्दावर विश्वास ठेवला. ट्रकवाल्याच्या शब्दावर मी कधी विश्वास ठेवला नव्हता, पण शेठच्या ठेवला.

आरास मांडताना म्हाताऱ्या लोकांनी एक अडचण काढली. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर खोटा आळ येतो, आणि तुम्ही गणपतीच्या मांडवात चंद्रच मांडता? शेठने तोड काढली. चंद्राच्या सगळ्यात उंच डोंगरावर एक सुपारी ठेवली, तिला शेंदूर लावला आणि गणपती म्हणून तिची पूजा केली. आता चंद्र गणपतीच्या पायाखाली आला, दोष गेला. सगळे खूश. मीही खूश होतो, आणि चतुर्थीच्या सकाळी अंघोळ करून वडिलांना सोबत घेऊन पाटी पाहायला गेलो.

पाटीवर लिहिलं होतं: कल्पना व रंगकाम, आणि पुढे हायस्कूलच्या ड्रॉइंग मास्तरांचं नाव.

ड्रॉइंग मास्तरांनी मागचा पडदा रंगवला होता. काळं आकाश आणि चांदण्या. तेवढंच. शाळेत शिकवणाऱ्याचं नाव पाटीवर शोभतं, असं शेठला वाटलं असणार. मी शेठसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांच्याजवळ धुळ्याहून आलेले एक पाहुणे होते, ते बाहुल्यांचं कौतुक करत होते. हा कोण, असं त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं. शेठनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"हा आपला चुनेवाला," ते म्हणाले. "भिंती चांगल्या पांढऱ्या करतो."

वडील माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पाहुण्यांना नमस्कार केला. मला शेठचा जेवढा राग आला, तेवढाच त्या नमस्काराचा आला. शिंपी तिथेच होता, खाली मान घालून बोटाने टेपचं टोक गुंडाळत होता. ओटा शेठचा, मशीन ओट्यावर. तो काय बोलणार?

बाहुले मला परत मिळाले नाहीत. गणपती उठल्यावर ती आरास जशीच्या तशी वाचनालयात गेली, नव्या काचेच्या कपाटात. मंडळाची वस्तू झाली म्हणे. मी ओरडलो, दोनदा ओरडलो. लोकांनी मला धरून बाहेर नेलं. शिंपी मागून आला.

"आते काय करशी?" त्याने विचारलं.

"देखसू," मी म्हणालो.

आणि मी पाहायला लागलो. रोज सकाळी दहा वाजता मी वाचनालयात जायचो, वर्तमानपत्र घ्यायचो आणि कपाटासमोरच्या बाकावर बसायचो. पेपर वाचता वाचता काचेतून माझी फौज दिसायची. डोंगरावर सुपारीचा गणपतीही होता. सुपारीची पूजा झालेली, ती कपाटात गेली म्हणून गणपती नाहीसा होत नाही, आणि गणपतीला उपाशी ठेवता येत नाही. म्हणून वाचनालयाचा शिपाई रोज सकाळी कपाट उघडायचा आणि एका छोट्या वाटीत गूळ-खोबरं ठेवायचा. जगात दुसऱ्या कुठल्या चंद्रावर नैवेद्य गेला नसेल. संध्याकाळी वाटी काढायची त्याला आठवण राहायची नाही.

पहिल्या पावसाळ्यात मुंग्या आल्या. मग झुरळं आली. गूळ संपला की त्यांना डिंक चालतो, हे मला चुन्याच्या दिवसांपासून माहीत होतं. भिंतींवर खळीने चिकटवलेले कागद ती खात असतात. शिपायांच्या तोंडावर रोगण होतं, त्यांना काही झालं नाही. राक्षसांच्या तोंडांवर नुसता डिंक आणि काजळ. आधी मागच्या रांगेतल्या एकाचा तिसरा डोळा गेला. आठवड्याने त्याच्या शेजारच्याचे दोन गेले. मी पेपर खाली करून पाहायचो आणि पुन्हा वर करायचो.

मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. एकेक डोळा मी श्वास धरून काढलेला. पण प्रत्येक गेलेल्या डोळ्यामागे मला शेठचं पान एका गालातून दुसऱ्या गालात जाताना दिसायचं, आणि मी गप्प राहायचो. वाचनालयाच्या शिपायाला एक शब्द बोललो असतो तर वाटी बाहेर ठेवली गेली असती. नाही बोललो. याच वर्षांत मी बाजारात रंगाचं दुकान टाकलं. शेठचं घर रंगवायचं काम आलं, तेव्हा माणूस पाठवला, स्वतः गेलो नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात कपाटातली लढाई एकतर्फी झाली होती. इकडे काचेच्या टोपांत टक्क डोळे उघडे असलेले शिपाई, तिकडे ऐंशीएक राखाडी राक्षस, सगळे आंधळे. त्याच वर्षी माणूस खरोखर आकाशात जाऊन आला होता. वाचनालयाचं नवं दालन बांधून झालं होतं आणि उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. चंद्राची आरास दालनाच्या मध्यभागी मांडायची ठरली. कपाट बाहेर काढलं आणि माझ्याशिवाय पहिल्यांदाच कोणीतरी नीट पाहिलं.

ड्रॉइंग मास्तरांनी तीन राक्षसांवर हात चालवून पाहिला. हरभऱ्याएवढं डोकं, त्यावर तीन डोळे. त्यांनी काढलेले डोळे गांधीलमाशी चावल्यासारखे दिसत होते. मास्तर माणूस सरळ होता. त्यांनी शेठला तिथेच सांगितलं, हे मी केलेलं नव्हतं आणि माझ्याने होणारही नाही, ज्याचं आहे त्याला बोलवा. हे मला शिंप्याने येऊन सांगितलं. तो धावत आला होता. त्याच्या गळ्यात टेप तसाच होता.

"शेठ ई ऱ्हायना," तो म्हणाला. "हसू नको. भाऊ, हसू नको."

शेठ माझ्या दुकानात पहिल्यांदाच आले. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिलो. त्यांनी आकडा सांगितला. मी डबे पुसत राहिलो. त्यांनी आकडा वाढवला. घाई कोणाला आहे ते दोघांनाही कळत होतं.

"पैसा नको," मी म्हणालो. "तीन गोष्टी. पाटी मी लिहिणार, माझ्या नावाची, वडिलांच्या नावासकट."

"बरं."

"उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर तुम्ही ते नाव तोंडाने घ्यायचं. माईकवर."

शेठनी टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "बरं. तिसरी?"

"डोळे काढताना बाहुला कुणालातरी धरावा लागतो. माझा एक हात कुंचल्यात आणि दुसरा मनगटाला टेकू देण्यात. धरायला तुम्ही बसायचं. वाचनालयाच्या ओट्यावर, दुपारी."

हे खोटं नव्हतं. एरवी शिंपी धरायचा. बाहुला लाखेने काडीवर चिकटवायचा आणि समोरच्याने ती काडी दोन्ही हातांनी उजेडात धरायची. पण दुपारी वाचनालयाचा ओटा म्हणजे सगळा बाजार समोर. शेठ उठले, दारापर्यंत गेले. मी थांबवलं नाही. ट्रकवालेही दारापर्यंत जायचे.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते ओट्यावर आले. पांढरं धोतर, काळी टोपी, गालात पान. मी सतरंजी टाकली होती. पहिली काडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, शेठ, पान थुंका. चावताना हात हलतो. बाजारातली पंधरा-वीस माणसं एव्हाना ओट्याखाली उभी होती. शेठ उठले, कोपऱ्यात जाऊन पान थुंकले, चूळ भरली आणि परत येऊन बसले. त्या एका चुळीसाठी मी तीन वर्षं वर्तमानपत्र वाचलं होतं.

मी एकेक राक्षस घेत गेलो. पांढरा ठिपका, त्यात काजळ, मधला डोळा लाल हिंगुळाचा. दर दोन-चार राक्षसांनंतर मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचो, शेठ, हात हलतोय. शेठ, वर धरा. शेठ, श्वास जरा दुसरीकडे सोडा. खालची माणसं हसू दाबायची. शिंपी मशीन बंद करून पाहायला आला आणि मला खुणेने पुरे म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने टेप गुंडाळला होता, आता त्याने पुन्हा गुंडाळावा.

पहिल्या दिवशी अर्धे झाले. दुसऱ्या दिवशी शेठ पान न खाताच आले. हात आता हलत नव्हते. त्यांनी कोपरं गुडघ्यांवर टेकवायला शिकून घेतलं होतं, हे मी सांगितलं नव्हतं. काडी किती फिरवायची तेही त्यांना कळायला लागलं, माझा कुंचला वळायच्या आत ती वळायची. पहिल्या रांगेतल्या एका मोठ्या राक्षसाचे डोळे काढून झाले आणि मी पुढचा मागितला, तर त्यांनी दिला नाही.

"याचा मधला डोळा खाली आला," ते म्हणाले.

"नाही आला."

"आला. बघ. नाकात गेलाय."

मी काडी घेऊन उजेडात धरली. आला होता. ओट्याखालचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी ओल्या फडक्याच्या टोकाने डोळा पुसला आणि पुन्हा काढला, जरा वर. शेठ नुसती काडी धरून राहिले. ते बरोबर होते, याचा राग मला अजून आहे.

राक्षसांना रोगण उद्घाटनानंतर द्यायचं होतं. काजळ नीट वाळलं नसताना रोगण लावलं तर डोळा पसरतो, त्याला दोन-तीन दिवस जावे लागतात. पाटी मी लिहिली. अशी पाटी मी आयुष्यात कुणासाठी लिहिली नव्हती. वडिलांना नवा सदरा शिवला, शिंप्याने शिवला, आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

शेठ माईकसमोर उभे राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, स्पष्ट, एकही अक्षर न गाळता. मी इथे ते लिहीत नाही. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ऐकलं. टाळ्या पडल्या. वडिलांनी या वेळी नमस्कार केला नाही, ते तसेच बसून राहिले, आणि मला वाटलं, संपलं, मिळालं. एवढ्यात शेठ पुढे म्हणाले:

"आणि हे ऐंशी राक्षस डोळे उघडत असताना एकेक बाहुला या दोन हातांनी धरलेला आहे. दोन दुपारी. कलाकाराची सेवा करायला मिळाली, हे माझं भाग्य."

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या पडल्या. पाहुणे उठून शेठच्या हातांकडे पाहू लागले. दुसऱ्या दिवशी गावात जो तो शेठच्या नम्रतेबद्दल बोलत होता. अट माझी, ओटा मी मागितला, आणि मान ते घेऊन गेले. ट्रकवाल्यांशी इतकी वर्षं घासाघीस करून मला हे दिसलं नव्हतं. ज्याला घाई असते तो हरतो, हे खरं. पण शेठना घाई नुसती दुकानाच्या दारापर्यंत होती.

तिसऱ्या दिवशी मी रोगणाची बाटली घेऊन दालनात गेलो. डोंगरावर सुपारी होती आणि तिच्यासमोर वाटीत गूळ-खोबरं. कपाट उघडं ठेवून मी बराच वेळ बसलो. रोगण न लावता निघून जावं, असं मनात आलं. शिंपी सोबत होता, त्याने ते माझ्या तोंडावर वाचलं.

"आते पाटीवर नाव तुन्हं शे," तो म्हणाला. "आंधळा व्हयनात ते तुन्हाच राक्षस आंधळा व्हतीन."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी कुंचला घेतला आणि एकेका राक्षसाच्या तोंडावर पातळ रोगणाचा हात देत गेलो. सगळ्यांना दिला. एकाला सोडलं. पहिल्या रांगेतला तो मोठा, ज्याचा मधला डोळा शेठनी वर घ्यायला लावला होता. शेठ आल्यागेल्याला तोच दाखवायचे. म्हणायचे, हा डोळा खाली आला होता, मी बघितलं, मी सांगितलं, मग त्याने वर घेतला.

पुढच्या पावसाळ्यात त्याचे तिन्ही डोळे गेले. आजूबाजूचे सगळे टक्क बघत होते आणि मधोमध तो कोरा उभा. शेठनी दुकानात निरोप पाठवला, एवढा एकच राहिलाय, येऊन जा, धरायला मी आहेच. निरोप आणणाऱ्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, येतो म्हणावं. मग दर दोन-चार महिन्यांनी निरोप येत राहिला, पुढे शेठ थकले, तरी येत राहिला. प्रत्येक वेळी मी हेच सांगितलं, येतो म्हणावं. गेलो मात्र नाही.